मंदा, तू रपट्यावर का थांबलीस

मंदा,

तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, मागून आणलेली स्वयंपाकाची मोठी गंजं परत गेली, अंगणातला मांडव उतरला. आलेल्या प्रत्येक बाईने तुझ्याबद्दल एकच सांगितलं, गरीब होती बिचारी, कधी कोणाला उलटून बोलली नाही. मी चहाचे कप गोळा करत फिरत होते आणि मनात म्हणत होते, या बायका कोणाबद्दल बोलतायत? उलटून बोलली नाही? तू? वरणात गूळ घालावा की नाही इथपासून ते माणसाने चालावं की पळावं इथपर्यंत, तू माझ्याशी रोज वाद घातलास. मी थोरली जाऊ, तू धाकटी. मला ‘बाई’ म्हणायचीस आणि माझं एक ऐकायची नाहीस. आता घरात कोणाचा आवाज चढत नाही. इतकं शांत घर मला सोसत नाही, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे.

काय झालं, कसं झालं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून थकले. तुला ते सांगायची गरज नाही. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे, पण त्याआधी थोडं मागे जाऊ दे.

लोधीखेड्याहून तू या घरात आलीस तेव्हा माझी दोन्ही पोरं शाळेत जायला लागली होती. सुरुवातीला तू फार बोलत नव्हतीस. मग एकदा संत्र्याच्या हंगामात आपण दोघी बागेत सावलीला बसलो होतो. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, आपण मोठी वेगळी, लहान वेगळी करत होतो. तू मान वर न करता म्हणालीस, “शाळेत होती तवा मी जिल्ह्याच्या शर्यतीत पळाली होती, बाई.”

मी हसले. “नाव मंदा आन् तू पळाली?”

“आमचे मास्तरबी असंच म्हनत. मंदाले धरा म्हनत, नाही तं गावाच्या बाहेर जाईन.”

मला खरं वाटलं नाही हे तुला कळलं. तू उठलीस, पदर कमरेला खोचलास आणि बागेच्या त्या टोकाच्या बांधापर्यंत पळत जाऊन आलीस. मजूर बाया हातातलं काम सोडून पाहत राहिल्या. तू येऊन बसलीस आणि काही झालंच नाही अशी पुन्हा संत्री निवडायला लागलीस. फक्त गाल लाल झाले होते. त्या दिवशी मला तू आवडायला लागलीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. जावा-जावांत असं कोण सांगतं?

सौंसरच्या बसस्टँडवर स्पर्धेचा तो कागद आपण दोघींनी एकदमच पाहिला. गावातल्या पोरांच्या मंडळाने लावला होता. सौंसर ते पांढुर्णा, पायी. कोणी चाला, कोणी पळा, दिवस मावळायच्या आत पोचायचं. स्पर्धा थंडीत होती, म्हणजे हातात काही महिने होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, महिलाही भाग घेऊ शकतात. ती ओळ बहुतेक शोभेसाठी होती, कोणी बाई येईल असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. तू मात्र तीच ओळ वाचत उभी राहिलीस. आपली गाडी लागली, लोक चढले, कंडक्टर ओरडला, तरी तू तिथेच.

“बाई, मी जातो.”

“कुठी?”

“पांढुर्ण्याले. पळत.”

“बयाडली का तू? घरी कोन जाऊ देते तुले?”

“तू संग आली तं देतीन.”

मी पस्तिशीची बाई. विहिरीवरून पाणी आणणं आणि शेतात जाणं याखेरीज मी कधी कशासाठी चालले नव्हते. पण तू इतक्या सहज म्हणालीस की मला नाही म्हणायचं सुचलंच नाही.

सराव कसा करायचा, हा पहिला प्रश्न. घरातून दोन सुना रोज सकाळी रस्त्यावर पळायला निघाल्या तर गावाने काय म्हटलं असतं ते आपल्याला माहीत होतं. युक्ती तूच काढलीस. तुमच्या लग्नाला काही वर्षं झाली होती, तुझा पाळणा हलला नव्हता, आणि आत्याबाईंचा जीव त्यातच अडकलेला. तू सासूसमोर मान खाली घालून म्हणालीस, “आत्याबाई, जामसांवलीच्या मारुतीले शनिवारी पायी जाईन म्हनतो. बाईबी येतो म्हनते संग.” आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच नारळ काढून दिला.

मला ते पटलं नव्हतं. वाटेत मी तुला म्हटलंही, “लेकराच्या नावानं खोटं बोलू नये, मंदा. देव पाहून राहिला.”

“कुठी पाहून राहिला? थो तं झोपला हाय.”

जामसांवलीचा मारुती आडवा आहे, निजलेला. तू असं म्हणालीस आणि मला इतकं हसू आलं की मी रस्त्याच्या कडेला बसले. पुढे दर शनिवारी त्या निजलेल्या मूर्तीपुढे हात जोडताना मला तुझं बोलणं आठवायचं आणि मी ओठ दाबून धरायचे. तू डोळे मिटून उभी असायचीस. तू काय मागत होतीस, की नुसता दम खात होतीस, मी विचारलं नाही.

शेवटचं घर मागे पडलं की तू थांबायचीस. पिशवीत नारळाखाली कॅनव्हासचे बूट असत, प्रभाकर भाऊजींनी पांढुर्ण्याच्या बाजारातून आणलेले. बायकोचे पाय शेतात भेगाळतात म्हणून आणले, अशी त्या बिचाऱ्याची समजूत. गोल साडीत पाय अडकतात म्हणून आत्याबाईंचं एक जुनं लुगडं तू लंपास केलं होतंस. ते काष्टा घालून नेसायचीस आणि सुटायचीस. मी मागून चालायचे. तू दूरच्या एखाद्या लिंबाला हात लावून माझ्यापर्यंत परत यायचीस, पुन्हा पुढे जायचीस. मी एकदा चालायचे तेवढ्यात तू तोच रस्ता कितीदा तरी करायचीस.

कापसाच्या बैलबंड्या घेऊन जाणारी माणसं घाबरून बैल थांबवायची. बाई पळताना दिसली म्हणजे कुठे आग लागली असेल, कोणाला साप चावला असेल, असंच लोकांना वाटायचं. एक म्हातारा तर बंडीतून उतरून तुझ्या मागे आला होता. “काय झालं व माय? कोन गेलं?”

तू न थांबता ओरडलीस, “कोनी नाही गेलं, बुढाजी. मीच जाऊन राहिली!”

तो म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला नमस्कार केला आणि पाय उचलले.

पळण्यावरून आणि चालण्यावरून आपला वाद याच रस्त्यावर सुरू झाला. मी म्हणायचे, चालणारा आजूबाजूला बघतो, माणसांशी बोलतो, पोचतोही. तू म्हणायचीस, चालणं तर आपण जन्मभर करतोच, पाण्याला चाला, शेतात चाला, सासरी चाला. “पळताना कोनी काम सांगत नाही, बाई.”

पण मलाही त्या रस्त्याने काहीतरी दिलं, ते तुला सांगायचं राहून गेलं. पहिल्या शनिवारी मी परत आले ती खाटेवर पडलेच. दिवाळीपर्यंत मी जामसांवलीला जाऊन येऊन दुपारी वेचणीला जायला लागले. पाय हलके झाले. रात्री गाढ झोप लागायची. ह्यांनी एकदा विचारलं, “काय व, तू आजकाल गाणं म्हनतं?” मला माहीतच नव्हतं मी गुणगुणते आहे ते. लग्न झाल्यापासून माझं अंग मुलांचं होतं, घराचं होतं, शेताचं होतं. त्या थंडीत ते थोडं माझं झालं. हे तू दिलंस मला. तुझे आभार मी कधी मानले नाहीत.

आपलं बिंग फुटलं ते लुगड्यावरून. आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आपण दोघी जामसांवलीहून आलो. त्यांनी वर न बघता विचारलं, “मंदा, माहं लुगडं कोन नेसते?”

तू पिशवी मागे सरकवलीस.

“काठाले दर शनिवारी लाल माती लागते. म्हटलं, लुगडं एकटंच हिंडून राहिलं का काय.” मग त्यांनी पिशवीकडे बोट केलं. “आन् नवसाले कोनी बुटं घेऊन जाते का व?”

तेव्हा तू खाली बसलीस आणि सगळं सांगून टाकलंस. कागद, पांढुर्णा, सगळं. मी वाट पाहत होते की आता शेंगांचं सूप अंगावर येतं. आत्याबाई बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या.

“तं सांगून जायचं ना. मी का खाऊन टाकली असती?” त्या म्हणाल्या. “प्रभाकरले मी सांगतो. पर देवाच्या दारातून परत येता, तं खोट्यानं का होईना, हात जोडत जा.”

त्या दिवसानंतर त्या आपल्याला निघताना गूळ-शेंगदाणे बांधून द्यायला लागल्या. आणि शनिवारीच नाही, मधल्या वारीही “जा व, लवकर जा, ऊन चढते” म्हणून मागे लागायच्या.

स्पर्धेच्या सकाळी सौंसरच्या बसस्टँडवर धुकं होतं. पुरुष पुष्कळ जमले होते, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, एक पांढुर्ण्याची उंच नर्स होती, आणि काष्टा घातलेली तू. पोरं तुझ्याकडे बघून शिट्ट्या मारत होती. प्रभाकर भाऊजी सायकल धरून उभे होते, त्यांची मान खाली. मग निशाण पडलं आणि तू निघालीस. अर्ध्या पोरांना तू पहिल्या वळणाच्या आतच मागे टाकलंस. तेव्हा भाऊजींनी मान वर केली. त्यांच्या तोंडावरचं हसू मी पाहिलं. नवरा बायकोकडे असं बघतो हे मी आपल्या घरात त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी माझ्या चालीने निघाले. धुकं उतरलं. दोन्ही बाजूंना कपाशी, मग बागा, मग उघडं रान. गावागावात माणसं पाणी घेऊन उभी होती. मी विचारायचे, “काष्टेवाली गेली का?” ती म्हणायची, “कवाची गेली! सगळ्या बायायच्या पुढं हाय.” ते ऐकून माझ्या पायांत जोर यायचा. दुपारपर्यंत माझ्या टाचेला फोड आला होता, तो फुटला होता, मी लंगडत होते, पण मला काही वाटत नव्हतं. तू पुढे होतीस.

आणि मग तो रपटा आला, नाल्यावरचा ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. पांढुर्णा तिथून फार दूर राहिलं नव्हतं. नाल्यात थोडंसं पाणी होतं आणि रपट्याच्या काठावर, पाय खाली सोडून, तू बसली होतीस.

मला आधी वाटलं दुसरी कोणी असेल.

“मंदा? काय झालं व? पडली का?”

“नाही. तुही वाट पाहून राहिली होती.”

“माही? काहून?”

“संग जाऊ म्हटलं.”

मला राग आला. असा राग मला पोरांचाही कधी आला नसेल. इतके महिने, इतकं खोटं, इतका घाम, आणि तू माझ्यासाठी रपट्यावर बसलीस? मी तुला हाताला धरून उठवलं. “ऊठ. जा. कोन गेली पुढं?”

“नर्स गेली. मंग त्या मास्तरीनबाई.”

“अजून गाठशीन. पळ!”

“नाही, बाई. आता संगच जाऊ.”

मी तुला ढकललंसुद्धा. तू हलली नाहीस. भाऊजी सायकल घेऊन पुढच्या गावाला तुझी वाट बघत थांबले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मग आपण निघालो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी लंगडते म्हणून तू आधार देतेस असं मला वाटलं आणि मी तो हात झटकला. थोड्या वेळाने तू पुन्हा ठेवलास. मी रस्ताभर बोलत होते. तुझ्यासारखी मूर्ख बाई पाहिली नाही, म्हटलं. मी काय वाट चुकणार होते का, म्हटलं. तू एकदाही उलटून बोलली नाहीस. त्या एका दुपारी तू खरोखर गरीब झाली होतीस, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

पांढुर्ण्याच्या शाळेच्या मैदानावर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. बक्षिसं वाटून झाली होती. मंडळाचा एक पोरगा सतरंजी गुंडाळत होता. त्याने आपल्याला पाहिलं, सतरंजी टाकली आणि एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिला. दोन केळी दिली. आपण शेवटच्या आलो.

बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मी खिडकीबाहेर बघत होते. माझा राग गेला नव्हता.

पुढे महिना-दोन महिने मी तो विषय काढत राहिले. भाकरी करताना, कपडे वाळत घालताना. “तू पयली आली असती.” तू कधी हसून सोडायचीस, कधी म्हणायचीस, “पुढच्या साली पाहू.” एकदा चिडलीस. “तुले का करायचं हाय पयल्या नंबराचं? मी पळाली ना? पाहिलं ना तुनं?” मी म्हटलं, “मी कुठी पाहिलं? तू पुढं होती!” मग आपण दोघी हसलो.

उन्हाळ्यात तुला दिवस गेले. घरात सण झाला. आत्याबाईंनी जामसांवलीला पेढे नेले. तू मला एकटीला गाठून म्हणालीस, “बाई, देव जागाच होता का काय?” तुझ्या डोळ्यांत हसू होतं आणि थोडी भीती होती. मी तुझा गालगुच्चा घेतला.

पाऊस सुरू झाल्यावर तुला दम लागायला लागला. पायऱ्या चढलीस की थांबायचीस. आत्याबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला असं होतं. मग खोकला आला. मग तू आडवी झोपेनाशी झालीस, भिंतीला टेकून बसून डुलक्या घ्यायचीस. सौंसरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, आजच नागपूरला न्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी तुला विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का. तू म्हणालीस, “हो. आठवीत होती. मायनं मंग पळनं बंद केलं होतं.” जरा थांबून हळूच म्हणालीस, “मी चोरून पळत होती.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, हृदयाची एक झडप तेव्हापासून आकसत आली आहे. पोटात बाळ आलं की हृदयाला जास्तीचं काम पडतं, ते आता झेपत नाही. ऑपरेशन करून झडप मोकळी करता येईल, पण आधी छातीतलं पाणी उतरलं पाहिजे. मी विचारलं, “पळण्यानं झालं का हे?” ते म्हणाले, “पळण्याने नाही झालं. पण ती पळत कशी होती, हेच मला समजत नाही.”

मी व्हरांड्यात उभी राहिले. मला रपटा दिसत होता. माझ्या खांद्यावरचा तुझा हात मला आता कळत होता.

त्या दुपारी तू उशांना टेकून बसली होतीस. मी तुझ्या वेणीतला गुंता सोडवत होते. मी विचारलं, “मंदा, खरं सांग. त्या दिवशी रपट्यावर तुले दम लागला होता का?”

तू डोळे मिटलेस. मला वाटलं तुला झोप लागली. मग तू म्हणालीस, “तुले काय वाटते?”

“मले काय वाटन? तूच सांग.”

“पुढच्या साली सांगतो. पांढुर्ण्याले पोचल्यावर.”

“मंदा.”

“बाई, वेनी घट्ट घाल. ढिली राहिली का पळताना सुटते.”

मी घट्ट घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस, आणि बाळ तुझ्यासोबतच गेलं. प्रभाकर भाऊजी ऑपरेशनसाठी रक्त द्यायला बाही वर करून बाकावर बसले होते. त्यांना कोणी बाही खाली करा म्हणून सांगितलं नाही. सौंसरला पोचेपर्यंत ती तशीच होती.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करते. दम लागला म्हणून तू बसलीस आणि मला काळजी नको म्हणून माझं नाव पुढे केलंस, असं असेल तर त्या दुपारी मी एका आजारी पोरीला रस्ताभर बोलले. पण तसं नसेल, तू खरंच माझ्यासाठी थांबली असशील, तर एवढं मोठं कोणी माझ्यासाठी आयुष्यात केलं नाही, आणि मी तुझा हात झटकला. यातलं कोणतं खरं मानावं? कधी मला वाटतं, दोन्ही असेल. दम लागून बसली असशील, मग दम परत आला असेल, आणि तेवढ्यात मी दूरवर लंगडत येताना दिसले असेन. तू सांगितलं असतंस तर मला दोन्ही चाललं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याबाईंना जेवायला वाढलं. त्यांनी ताट सरकवलं. “मीच मारलं तिले, शकुन,” त्या म्हणाल्या. “लेकरू मांगत मांगत मीच मारलं.”

त्यांची ती तगमग मला बघवेना. मला वाटलं, खरं सांगितलं तर त्यांचं ओझं उतरेल. मी म्हटलं, “आत्याबाई, आम्ही तिथं नवस कधी बोललोच नाही. पयल्या दिवसापासून नाही. आम्ही नुसत्या पळत होतो. तुमाले तं माहीत हाय.”

त्यांनी मान हलवली.

“तुम्ही नाही बोलल्या,” त्या म्हणाल्या. “मी बोलली होती. तुम्ही दोघी पळत जात होत्या ना, म्हटलं, बाप्पा, या पोरीची पायपीट माह्या नवसात धर.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला. त्या बाईवर मी लग्नापासून रुसत आले, मंदा. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो, म्हणजे जेवलो असं म्हणायचं.

भाऊजी बागेतच असतात. तिथेच खाट टाकली आहे. ह्यांनी डबा नेला की दोघे भाऊ शेजारी बसून राहतात.

काल मी लोधीखेड्याला गेले. तुझ्या अंत्यविधीला येऊन गेल्यापासून तुझ्या मायचे गुडघे धरले आहेत, तिला तेरवीला येता आलं नव्हतं. घरात ती एकटी होती. मला पाणी दिलं, समोर बसली. मग म्हणाली, “शकुन, मी तिच्या मातीले आली होती तवा लोकं म्हनत होते, मंदा पांढुर्ण्याले पळत गेली होती. खरं हाय का?”

तू तिला हे सांगितलं नव्हतंस हे मला माहीत होतं. माय काळजी करते, तिला नको सांगू, असं तूच मला बजावलं होतंस. मला वाटलं, आता ती म्हणेल, माझ्या पोरीला तुम्ही पळवलं.

“खरं हाय, मावशी,” मी म्हटलं.

“मंग सांग.”

मी सांगायला लागले. धुकं सांगितलं, बसस्टँड सांगितला, शिट्ट्या मारणारी पोरं आणि ती पोरं कशी मागे पडली ते सांगितलं. गावागावात लोक काय म्हणत होते ते सांगितलं. मायने मांडी बदलली नाही, पापणी लववली नाही. मी रपट्यापर्यंत आले आणि थांबले.

“मंग? कितवी आली?”

मी तुझ्या मायकडे पाहिलं. तुझे डोळे तिचेच आहेत, हे मला कालच दिसलं.

“पयली,” मी म्हटलं. “सगळ्या बायायत पयली आली, मावशी.”

तिने पदर तोंडाला लावला. “पळते म्हनून मी तिले लय मारलं होतं,” ती म्हणाली. “पायावर मारत होती. पायावरच.” मग ती खूप रडली, आणि रडता रडता मध्येच हसली. “पयली आली,” म्हणाली. मी माझी बस जाऊ दिली.

नंतरच्या बससाठी निघाले तेव्हा ती भिंतीला धरत धरत ओट्यावर आली. मी नमस्कार केला आणि चालू लागले. गल्लीच्या टोकाला वळले, तरी मागून तिचा आवाज येत होता. समोरच्या घरातल्या बाईला ती हाक मारून सांगत होती, “ऐकलं का व? आमची मंदा पांढुर्ण्याले पळत गेली होती. पयली आली.”